अनुभव धागा: पोरांना घरी शिकवतानाचे उपद्व्याप (पहिली ते चौथी)

शेवंती

काल दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा पितळी डबा खाली काढला. आत जुन्या इरकलीच्या तुकड्याची पुरचुंडी, आणि पुरचुंडीत चिंचोके. मी तिथेच शिडीच्या पायरीवर बसले. खालून नवरा विचारतोय, "अगं डबा ठेवायचाय का द्यायचाय?" काय सांगू!

हे चिंचोके आईने मी पहिलीत असताना करून दिलेले. करून म्हणजे, एक बाजू न्हाणीघराच्या फरशीवर घासून पांढरी केलेली, दुसरी चॉकलेटी तशीच. ती पोळ्या लाटायची आणि मी ओट्याखाली पाटी घेऊन बसायचे. "नऊ घे. टाक." मी खुळखुळवून टाकायचे. सहा पांढरे, तीन काळे. लिही. परत टाक. चार पांढरे, पाच काळे. लिही. नऊ किती तऱ्हांनी होतात ते असं माझ्या पाटीवर उतरायचं. बेरीज हा शब्द आईने बरेच दिवस काढलाच नाही. नऊच्या नऊ पांढरे पडले तर गुळाचा खडा मिळणार होता. एकदाही पडले नाहीत.

हे सगळं विसरून गेले होते. मग २०२० आलं. लेक त्या जूनमध्ये पहिलीत 'गेली', म्हणजे आमच्या हॉलमधल्या दिवाणावर गेली. फोनवर बाई शिकवतायत, बाईंचं तोंड उघडं राहून चित्र अडकलंय, आणि लेक मला विचारतेय, "बाई ओरडतायत का?" एकोणतीस लिही म्हटलं की ३९ लिहायची. कानावर 'तीस' पडलं की तीन लिहून मोकळी! सांगून सांगून माझा घसा बसला. पुढे एसटी सुरू झाल्यावर आई आली ती हीच पुरचुंडी पिशवीत घालून. दहा-दहाचे तीन ढीग मांडले, शेवटच्या ढिगातला एक उचलून स्वतःच्या ओच्यात टाकला. "तिसाला एक उणा. एक-उण-तीस." लेकीचे डोळे असे मोठे झाले! मग दिवसभर घरात एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ. रात्री जेवताना म्हणते, "आजी, एकोणशंभर." आजी म्हणाली, "नाही गं, नव्व्याण्णव." "का?" "ते माझ्या आईला विचारायला हवं होतं."

तर लोकहो, तुम्ही काय काय केलंत घरी? जमलेलं, फसलेलं, सगळं लिहा. फसलेलं आधी लिहा.

वेंधळी

रुमाल टाकून ठेवते. कुकरची शिट्टी होईना म्हणून बघायला चाललेय.

ठोकळा

शेवंती, नऊच्या नऊ पांढरे पडायची शक्यता ५१२ टाकांत एक. आईंनी गूळ बरोब्बर वाचवला.

शेवंती

ठोकळा 😂 तीस वर्षांनी कळलं! आत्ता फोन करून जाब विचारते.

सदाफुली

फसलेलं आधी ना? घ्या.

चिरंजीव दुसरीत. इंग्रजी माध्यम, मराठी वाचायचं म्हटलं की पोटात दुखतं. मी कुठेतरी वाचलं होतं की घरातल्या वस्तूंवर नावं लिहून चिकटवा, मुलं येताजाता वाचतात. लगेच दुपारी बसून सगळ्या डब्यांवर पट्ट्या लावल्या. मीठ, साखर, पोहे, साबुदाणा, रवा, बेसन. खेळ असा: मी नाव सांगणार नाही, तू डबा उचलायचा, वाचायचं, आणि त्याचं काय करतात ते सांगायचं.

मीठ बरोबर. पोहे बरोबर, 'कांदेपोहे' अशी पुरवणीही जोडली. मग बराच वेळ आवाज नाही. जाऊन बघते तर पठ्ठ्या रव्याच्या डब्यापुढे मांडी घालून बसलाय, तोंडात कच्च्या रव्याचा बकाणा, डोळ्यांत पाणी, आणि खोकतोय तर नाकातून रवा.

"अरे हे काय?"

"तूच लिहिलंयस! खा!"

माझं अक्षर म्हणजे र आणि व एकमेकांच्या गळ्यात पडलेले. पुढे काना. वाचून बघा. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी बेसनलाडवांच्या डब्यावर पेन्सिलीने मोठ्ठं 'खा' लिहिलेलं सापडलं. लाडू तेवढे सापडले नाहीत.

वेंधळी

हसून हसून पुरेवाट!!! माझा कुकर गेला उडत

उनाड पाऊस

बकाणा 😂😂 बसमध्ये वाचतोय, शेजारचे काका बघतायत

तीनमजली

म्हणूनच ख काढताना र चं शेपूट व च्या पायाला जोडून घ्यायला शिकवतात. आमच्या बाई पट्टीने मारायच्या नाही जोडलं तर. "रवरव करू नकोस" म्हणायच्या.

सदाफुली

तीनमजली, तुमच्या बाई मला मिळायला हव्या होत्या.

नाना पाटीवाले

सर्व वाचकांस नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे शिक्षक होतो, २०२१ला निवृत्त झालो. त्यामुळे 'घरी' हा शब्द मला थोडा सैल वापरू द्यावा.

टाळेबंदीत वरून सूचना आली, शाळा बंद पण शिक्षण सुरू. ठीक. आमची दोन शिक्षकी शाळा, पट २३, आणि मोठा फोन सहा घरांत. त्यातले चार फोन दिवसभर बापाबरोबर रानात. मग आम्ही दोघांनी वाड्या वाटून घेतल्या. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गोठ्याच्या सावलीत, चार-चार पोरं, लांब लांब बसवून. साहित्य म्हणजे खराट्याच्या काड्या. दहा मोजायच्या, सुतळीने बांधायच्या, झाला दशक. राहिल्या त्या सुट्या. हे तुम्हांला घरी करण्यासारखे आहे, एक खराटा बळी जाईल इतकेच. मात्र गठ्ठे मुलांनी स्वतः बांधले पाहिजेत. आपण बांधून दिले की त्यांना तो एकच जाडा दांडा वाटतो, त्यात दहा आहेत हे पटत नाही.

एक प्रसंग सांगतो. हातच्याची वजाबाकी, ३२ वजा १७. दुसरीतली पोर. तिच्यापुढे तीन गठ्ठे, दोन सुट्या. मी म्हटलं, दोनातून सात जात नाहीत, आता गठ्ठा सोड. ती सोडेना. सुतळीची गाठ तिने फार मेहनतीने मारली होती. म्हणाली, "गुरुजी, गठ्ठा नगं सोडायला. शेजारणीकडनं पाच उसन्या घेते." घेतल्या. दोन आणि पाच सात, त्या माझ्या हातात दिल्या. मग एक गठ्ठा दिला. "आता माझ्याकडं दोन गठ्ठं, अन् पाचाची उधारी. मंजी पंधरा."

मी तिथे गोठ्यात पाच मिनिटे गप्प बसून होतो. ३४ वर्षांत मला हे सुचले नव्हते.

ठोकळा

गुरुजी, दंडवत. तुम्हांला नाही, त्या पोरीला.

नाना पाटीवाले

योग्य ठिकाणी पोचवतो. आता सातवीत आहे.

कोकणकडा

नाना म्हणतात तसं ते काही नवीन नाही, चांगल्या अर्थाने म्हणतेय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत बालवाडी सुरू केली ती शंख, शिंपले, बिया, पानं यांच्यावरच. पुढे डहाणूजवळ कोसबाडला गेल्यावर आदिवासी पाड्यांवरची पोरं शाळेपर्यंत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतायत तिथेच शिकायचं. आमच्या डी.एड.च्या सहलीत कोसबाडची टेकडी चढलेय मी. ताडगोळे खाल्ले ते जास्त आठवतंय खरं तर.

उनाड पाऊस

ताडगोळे!!! डहाणूहून कुणी येतंय का या आठवड्यात?

कोकणकडा

उनाड, दिवाळीत ताडगोळे? उन्हाळ्यात विचार.

टिंबटिंब

शेवंतीताईंचं एकोणतीस वाचून २०१९ आठवलं. माझा मुलगा तेव्हाच दुसरीत. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक', बावीसबरोबर 'वीस दोन' असं आलं आणि केवढा गदारोळ! विधानसभेपर्यंत गेलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर मराठी भाषा त्या जूनमध्ये मेलीच होती. मीही दोन फॉरवर्ड केले, खोटं कशाला बोलू.

मग एका रात्री मुलाला बासष्ट, त्रेसष्ट, छत्तीस असं लिहायला घातलं. २६, ३६, ६३. तीनांतलं एकही बरोबर नाही, तिन्ही उलटे. तेव्हा मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या जे सांगत होत्या ते कळलं. आपण बोलतो आधी एकक, मग दशक. लिहितो आधी दशक, मग एकक. त्यात त्रे, सष्ट, ब्याण्णव अशी जोडाक्षरं. पोरगं बिचारं 'त्रे' ऐकून तीन लिहून बसतं. मी गपचूप त्याला 'साठ तीन म्हणजे त्रेसष्ट' असं शिकवलं. ग्रुपवर सांगितलं नाही.

तीनमजली

टिंबटिंब, असहमत. आमच्या पिढीला कुणी वीस एक शिकवलं? आलंच ना सगळं? पाढे पाठ करून घ्या, आपोआप येतं. मला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी (औट म्हणजे साडेतीन) सगळं पाठ आहे अजून.

ठोकळा

औट साते?

तीनमजली

साडेचोवीस. थांब, बरोबर आहे. हो, साडेचोवीस.

ठोकळा

थांबलात कशाला मग 😛

टिंबटिंब

तीनमजली, आलं त्यांना आलं हो. ज्यांना नाही आलं ते आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे, चौथीनंतर दिसलेच नाहीत.

काळे जंगल

जर्मनीतून हजेरी, श्टुटगार्टजवळ असतो. या वादात आमची वेगळीच गंमत. लेक इथे तिसरीत. जर्मनमध्ये पंचवीसला म्हणतात फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश, पाच आणि वीस. आपल्यासारखंच, एकक आधी! इथेही दुसरीतली पोरं आकडे उलटे लिहितात, त्या चुकीला स्वतंत्र शब्दच आहे, त्सालेनड्रेअर. त्यामुळे लेकीला मराठी अंक शिकवताना मी घाबरत होतो, आणि ती म्हणाली, "बाबा, मराठी तर सोप्पं आहे, जर्मनसारखं आहे." पुण्यातल्या तिच्या इंग्रजी माध्यमातल्या चुलतभावाला पंचेचाळीस कळत नाही आणि ही फोनवर त्याला हसते.

पण बाराखडीला घोडं अडलंय. काना मात्रा ठीक, पहिली वेलांटी म्हणजे तिच्या मते अन्याय. "इ नंतर ऐकू येते, मग आधी का लिहायची?" काय उत्तर देऊ? आठवडाभर शोधतोय.

शेवंती

काळे जंगल, माझ्या आईचं उत्तर द्या. माझ्या आईला विचारायला हवं होतं.

गोदाकाठ

आमच्याकडे अपूर्णांक आजोबांनी शिकवले. माझे नाही, लेकाचे. म्हणजे माझे सासरे. चौथीत अपूर्णांक आले आणि मी पोळी कापून पाव, अर्धा, पाऊण करून दाखवलं. तो पाव खाऊन टाकायचा, मग राहिलेली पोळी 'एक' म्हणायचा.

अण्णांनी धान्याच्या खोलीतून जुनी मापं काढली. चिपटं, मापटं, शेर, पायली. पत्र्याची, कडेला ठोकून ठोकून पोचे आलेली. ओसरीवर पोतं पसरलं, त्यावर ज्वारीचा ढीग. "भर." दोन चिपटी मापट्यात. बरोबर काठोकाठ. दोन मापटी शेरात. चार शेर पायलीत. तो ओतायचा आणि अण्णा तळहाताने वरची रास सपकन कापायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, चिपटं म्हणजे शेराचा कितवा भाग? तो एक अक्षर बोलला नाही, चार वेळा चिपटं भरून शेरात रिकामं केलं आणि म्हणाला, पाव. मग स्वतःच, "म्हणजे पायलीचा सोळावा." मी दारात भाजी निवडत होते. मेथीच्या काड्या ठेवल्या आणि पानं टाकून दिली, एवढं लक्ष तिकडे.

शाळेत पेपरात मात्र 'एक चतुर्थांश' आलं, तिथे त्याने 'चिपटं' लिहिलं. बाईंनी अर्धा गुण दिला. अण्णा म्हणाले, "मापटं दिलं की!"

माई

गोदाकाठ किती सुरेख लिहिलंस गं. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. माझे वडील खळ्यावर मोजताना एकाला 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन. मी शाळेत हजेरीच्या वेळी लाभ म्हणून उभी राहिले होते.

सदाफुली

माई 😂 गोड

भिंगरी

ताई, तुमचं सगळं छान छान वाचून मला वाईटच वाटतंय. माझं काय, रात्री ९ला शाळेच्या ग्रुपवर मेसेज. 'उद्या सर्व विद्यार्थ्यांनी टाकाऊतून टिकाऊ वस्तू करून आणावी, आइस्क्रीमच्या काड्या वापराव्यात.' रात्री ९ला मी कुठून एवढं आइस्क्रीम खाऊ? नवरा तीन दुकानं हिंडला, चौथ्यात ५० काड्यांची पुडी मिळाली, नवीकोरी. म्हणजे टाकाऊ विकत आणलं. मग मी साडेअकरापर्यंत पेन स्टँड केला. मुलगा झोपलेला. आणि दुसऱ्या दिवशी शेरा: 'छान, पण पालकांची मदत जाणवते.' जाणवते?!

वेंधळी

जाणवते 🤣🤣 भिंगरी तुला मिठी. मी गेल्या वर्षी पाणचक्की केली होती. मला ब मिळाला.

ठोकळा

मुलीचा प्रोजेक्ट, आईला ब. बाबांना काय?

वेंधळी

बाबांनी डिंक आणला. लाडवाचा.

जास्वंद

विज्ञान कुणीच लिहिलं नाही म्हणून. हळदीचा कागद करा, दहा मिनिटांचं काम. हळद पाण्यात कालवून टिपकागदाला फासायची, वाळवायचा. मग घरातलं एकेक त्यावर टेकवायचं. साबणाचं पाणी, चुना, खायचा सोडा लावला की लाल. लिंबू, चिंच, ताक लावलं तर पिवळाच राहतो, आणि लाल झालेल्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. मुलीने तिसरीत वहीत तक्ता केला होता, ४३ वस्तू झाल्या. थुंकीसुद्धा तपासली. सासूबाई म्हणाल्या, यात काय एवढं, हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आम्हांला माहीतच होतं.

फसलेलं: वाळत घालायला जागा नव्हती म्हणून तिने ते ओले कागद बाबांच्या पांढऱ्या शर्टावर पसरले. शर्ट पिवळा. मी न बघता साबणाच्या पाण्यात टाकला. शर्ट लालभडक. नवरा ओरडतोय आणि कन्या शांतपणे, "बाबा, लिंबू पिळ ना."

उनाड पाऊस

"बाबा, लिंबू पिळ ना" हे मी आता ऑफिसात प्रत्येक मीटिंगला म्हणणार

अबोली

पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा तिसरीत, अक्षरं उलटी काढतो, फळ्यावरचं उतरवताना ओळ सुटते. तपासणी झाली, अध्ययन अक्षमता म्हणतात. त्याआधीच्या वर्गात दोन वर्षं सगळ्यांदेखत वही दाखवून 'बघा कसं लिहू नये' झालेलं आहे, त्यामुळे पेन्सिल दिसली की तो पलंगाखाली जातो. मी पलंगाखालीच शिकवते. टॉर्च घेऊन. तिथे त्याला बरं वाटतं. वही नाही, नुसती बोटं. तो माझ्या पाठीवर बोटाने अक्षर काढतो, मी ओळखायचं. मी मुद्दाम चुकते. त्याला फार आवडतं मी चुकलेलं.

ही ॲक्टिव्हिटी म्हणता येईल की नाही माहीत नाही.

माई

अबोली, येईल. आणि मुद्दाम चुकतेस ते थोडं कमी कर, पोरांना कळतं हो. माझ्या नातवाने मला पकडलं होतं.

नाना पाटीवाले

अबोलीताई, ताटात बारीक रवा किंवा कोरडी रांगोळी पसरून त्यात बोटाने गिरवू द्या. पूर्वी धूळपाटीवर हेच करत, धुळाक्षरे हा शब्द तिथला. चुकले की ताट हलवायचे, चूक शिल्लकच राहत नाही. वहीत ती खोडरबराने खोडली तरी दिसत राहते. अक्षर मोठे काढू द्या, कोपरापासून हात फिरला पाहिजे. ळ आणि क यांचा गोंधळ असेल तर एका आठवड्यात दोन्ही घेऊ नका.

अबोली

गुरुजी, ळ आणि क नाही, भ आणि म. पण आजच करते. रवा आहे घरात.

सदाफुली

अबोली, डब्यावर नाव लिहिलं नाहीयेस ना? 🙂 सॉरी, राहवलं नाही. तुझ्या टॉर्चला खूप प्रेम.

अबोली

हसले आज. थँक्यू.

कोकणकडा

पत्ते कसे कुणाला आठवले नाहीत! बदामसात. सातापासून वर आठ, नऊ, खाली सहा, पाच. पुढचा-मागचा आकडा न शिकवता आला आमच्याकडे. सात-आठमध्ये तर किती ओढायचे, किती ओढले गेले, उरले किती, सगळा हिशोब तोंडी. फक्त चिरंजीव शाळेत दहानंतर 'गुलाम, राणी, राजा' असं मोजून आले. बाईंनी मला बोलावून घेतलं.

तीनमजली

किल्ला पण. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, पुस्तक बाजूला उघडं ठेवून केला आम्ही प्रतापगड. पोत्यावर चिखल, वर अळीव पेरला की चार दिवसांत हिरवंगार. अडचण प्रमाणाची. मावळे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले, त्यामुळे एक मावळा बुरुजाएवढा आणि तोफ महादरवाज्यातून आत जाईना. मुलाने सगळ्यांची उंची पट्टीने मोजली आणि लहान मावळे मागे, मोठे पुढे लावले. "लांबून लहान दिसतात." आता याला भूमिती म्हणायची की चलाखी?

ठोकळा

तीनमजली, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. किल्ला पाहिजेच.

माई

पोत्याखाली विटा ठेवल्या का? नाहीतर बसतो. आमचा रायगड भाऊबीजेला बसला होता, मांजरासकट.

चाकरमानी

मी काहीच केलं नाही. बँकेत आहे, २०२०त आम्हांला घरी बसणं नव्हतंच. सकाळी आठला निघायचे, रात्री आल्यावर अंघोळ करून मगच लेकीला जवळ घ्यायचं. ती दुसरीत, घरी फक्त माझी आई, साठीची, तिसरी शिकलेली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा मुलांचा कार्यक्रम लागायला लागला, बालभारतीच्या पुस्तकांवरचंच, तेवढंच काय ते शिक्षण. दोघी टीव्हीपुढे बसायच्या. लेक सांगायची, "आजी माझ्याआधीच उत्तर देते, तिला गप्प कर."

मी आईला म्हटलं, तिला बोलू दे ना गं. तर आई रुसली. म्हणाली, पुढच्या इयत्तांचंही लागतं, तेही एकटी बघते. तिसरी, चौथी. चौथीचं तिने कधी शिकलंच नव्हतं. रात्री मी पोळ्या करताना मला सांगायची, "आज गंमत होती." काय गंमत ते सांगायचीच नाही, मीच विचारायला पाहिजे म्हणून. आणि मी इतकी दमलेली असायचे की विचारलं नाही.

शेवंती

चाकरमानी... तुझ्या आईला नमस्कार सांग.

चाकरमानी

सांगते. आहे ना, बाहेर भाजणीला मेथ्या टाकू का नको म्हणून ओरडतेय.

वेंधळी

किंचित. भाजणीत मेथ्या किंचितच, नाहीतर चकली कडू.

जास्वंद

आमच्यात अजिबात नाही टाकत. धने-जिरे तेवढे.

काळे जंगल

अवांतर: इथे भाजणी मिळत नाही. कुणी अंदाजे प्रमाण देईल का, कपात? चिपट्यात नको.

गोदाकाठ

काळे जंगल 😂 तांदूळ चार, हरभराडाळ दोन, उडीदडाळ एक, पोहे एक, सगळं वेगवेगळं भाजा. लेकीला प्रमाण मोजायला लावा, धाग्यातही बसेल.

शेवंती

आईशी बोलले. गुळाचं ऐकून हसत सुटली, म्हणे, "तुझ्या त्या मित्राला सांग, मी कॉलेजला नाही गेले पण पोरगं उठून जाऊ नये एवढं मला कळत होतं."

दुसरं म्हणजे, दुपारी लेकीने पुरचुंडी मोजली. आता सहावीत आहे, पण दहा-दहाचे ढीग करूनच मोजले. शंभर पाहिजेत, ९७ भरले. तीन कुठे गेले म्हणून आईला विचारलं. एक माझ्या धाकट्या भावाने नाकात घातला होता, तो डॉक्टरांनी काढला पण परत दिला नाही. एक तिच्या ओच्यात गेला, तोच तो एकोणतीसवाला, साडीबरोबर धुतला गेला. तिसरा तिने भाजून खाल्ला, १९९३च्या पावसाळ्यात, मी शाळेत असताना. हे मात्र आजच कबूल केलं.

उनाड पाऊस

भाजलेला चिंचोका!! दात शाबूत आहेत का आईंचे?

शेवंती

वरचे आहेत.

काळे जंगल

गोदाकाठ, पोहे जाडे का पातळ?